माकडं हलवली तर माकडताप जाईल का?

सडेकर | ११ नोव्हेंबर, २१:१०

दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातल्या गावांसाठी हा धागा काढतोय. पाऊस गेला, काजूच्या बागांत बेणणी (गवत-झुडपं काढणं) सुरू झाली आहे आणि डिसेंबरपासून पुन्हा माकडतापाचे, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या क्यासनूर तापाचे, दिवस येतील. त्याआधी ग्रामसभेपुढे एक ठराव येतोय: गावातली लाल तोंडाची माकडं आणि वानर, दोन्ही पकडून घाटापलीकडच्या रानात सोडावीत. कारणं दोन दिली आहेत. एक, नारळ, केळी, काजू, भाजी काही हाती लागत नाही. दुसरं, २०१६ पासून आपल्या जिल्ह्यात हा ताप आहे. माकड नसेल तर ताप नसेल.

पहिल्या कारणावर वाद नाही, नुकसान डोळ्यांना दिसतंच. दुसरं कारण मला पटत नाही, पण सभेत उभं राहून सांगायला नेमकं उत्तर हवं. माकड, गोचीड, गुरं, उंदीर यांचं एकमेकांशी काय नातं आहे आणि त्यातून माकड काढलं तर साखळी तुटते का? जाणकारांनी सविस्तर लिहा. "निसर्गाचा समतोल बिघडेल" असं मोघम नको, सभेत ते कोणी ऐकून घेत नाही.

काजूबी | ११ नोव्हेंबर, २१:४२

माझा ठरावाला पाठिंबा. बागायतदाराची बाजू कोणी मांडत नाही म्हणून मांडते. वानरांचा कळप एका सकाळी कोवळ्या नारळांची जी वाट लावतो ती कुठल्याच भरपाईत बसत नाही. आणि रानात माकड मरून पडलं की काही दिवसांनी त्याच वाडीत माणसं तापाने पडतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मग माकडाचा संबंध नाही असं कसं म्हणायचं?

नुस्तेकार | ११ नोव्हेंबर, २२:०५

घाटापलीकडे सोडून काय उपेग? सोडणाऱ्याची गाडी परत येवच्या आधी माकडां कौलांवर हजर. :)

किडेपाखरे | ११ नोव्हेंबर, २३:१८

काजूबीताई, संबंध आहेच. पण माकड हे त्या विषाणूचं घर नव्हे. माकड त्याचा बळी आहे, आणि मरता मरता ते विषाणू पसरवून जातं. सगळा गोंधळ इथेच होतो, म्हणून गोचिडीपासून सुरुवात करतो.

या तापाची मुख्य गोचीड हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. तिला आयुष्यात तीन जेवणं लागतात आणि तिन्ही वेगवेगळ्या जनावरांवर. अंड्यातून निघते ती सहा पायांची अळी. ती उंदीर, चिचुंद्री, खार किंवा जमिनीवर चरणारे पक्षी, म्हणजे रानकोंबडा वगैरे, यांच्यावर चढते, कधी माकडावरही. पोट भरलं की खाली पडते, पातेऱ्यात (झाडाखालच्या पाचोळ्यात) कात टाकते आणि आठ पायांची निम्फ होते. खसखशीच्या दाण्याएवढी. ही निम्फ पुन्हा उंदरावर चढते, नाहीतर माकडावर, आणि वाटेत आला तर माणसावर. ते जेवण झालं की परत पातेऱ्यात, परत कात, मग प्रौढ गोचीड. प्रौढ गोचिडीला मोठं जनावर लागतं: गाय, बैल, म्हैस, सांबर, गवा. मादी पोटभर रक्त पिऊन खाली पडते, हजारो अंडी घालते आणि मरते.

आता विषाणू. अळीने बाधित उंदराचं किंवा माकडाचं रक्त प्यायलं तर विषाणू तिच्यात शिरतो आणि कात टाकल्यावर निम्फमध्ये टिकतो. निम्फकडून प्रौढाकडेही जातो. पण मादीकडून अंड्यांत तो फारसा उतरत नाही. म्हणजे दर पिढीला अळ्या बहुतेक कोऱ्याच निघतात, त्यांना विषाणू पुन्हा कोणाकडून तरी घ्यावा लागतो. पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर आणि चिचुंद्री या दोघांतून हा विषाणू पूर्वीच वेगळा केलेला आहे. माकडं एकही नसली तरी उंदीर-गोचीड-उंदीर ही बारीक वात पातेऱ्याखाली जळत राहते.

माकड त्या वातीवर तेल ओततं. त्याच्या रक्तात विषाणू प्रचंड वाढतो, त्या काही दिवसांत अंगावर असलेली प्रत्येक अळी आणि निम्फ विषाणू घेऊन उतरू शकते. चालतंफिरतं माकड ती सगळीकडे थोडी थोडी टाकतं. मेलेलं माकड उरलेली सगळी एका जागी टाकतं.

पातेरा | १२ नोव्हेंबर, ०७:३०

उत्तम माहिती. पण मग दरवर्षी डिसेंबर ते मेच का? गोचीड तर बारा महिने दिसते.

किडेपाखरे | १२ नोव्हेंबर, ०९:०२

बारा महिने दिसते ती वेगवेगळ्या वयाची. प्रौढ गोचिडी पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर. अळ्या पाऊस ओसरल्यावर. निम्फ साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत, भर जानेवारी ते मार्च. माणसाला चावते ती प्रामुख्याने निम्फ, म्हणून तापही त्याच महिन्यांत.

आणि आपल्याकडे त्याच महिन्यांत कोण कुठे असतं ते बघा. काजूची बी गोळा करायला माणसं झाडाखाली वाकलेली. खाली पडलेल्या बोंडूंच्या (काजूच्या फळांच्या) वासाने माकडं तिथे, गुरं तिथे, रात्री उंदीर आणि साळिंदर तिथे. काजूचा पाला जाड, लवकर कुजत नाही, त्यामुळे तळाशी ओल टिकते आणि गोचीड सुकून मरत नाही. एका झाडाखालच्या पाच पावलांत सगळी साखळी हजर. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाळी गावात साथ आली तीही काजूच्या हंगामात, आणि पुढच्याच वर्षी आपल्या दोडामार्गात.

गुरांचा_डॉक्टर | १२ नोव्हेंबर, १३:४५

गुरांबद्दल लिहायलाच हवं, कारण या साखळीत सगळ्यात विचित्र भूमिका गाईची आहे.

गाईला हा ताप येत नाही. तिच्या रक्तात विषाणू इतका वाढत नाही की गोचिडीला लागण व्हावी. शिवाय तिला चावते ती प्रौढ गोचीड, जी त्यानंतर कोणालाच चावणार नसते. म्हणजे बाधित गोचीड गाईवर चढली की तिच्यातला विषाणू तिथेच संपला. विषाणूच्या दृष्टीने गाय म्हणजे बंद गल्ली. पण तीच गोचीड गाईचं रक्त पिऊन हजारो अंडी घालते. विषाणू मेला, गोचिडी मात्र हजारपट झाल्या. सांबर-गव्यांच्या जंगलात मोठं जनावर विरळ असतं, मादीला पोटभर रक्त मिळेलच असं नाही. गावाची गुरं रोज रानात गेली की जेवणाची पंगत रोज मांडलेली.

होर्हे बोशेल या विषाणुशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये हेच मांडलं होतं: कर्नाटकातल्या डोंगराळ मलेनाडमध्ये जंगल फोडून शेती शिरली, गुरं शिरली, तेव्हा आधीपासून रानात दबून असलेला विषाणू उसळला.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. भात लावल्यावर शेताला राखण म्हणून गुरं सड्यावर (कातळाच्या माळावर) आणि रानात पिटाळली जातात. नेमके तेच चार महिने प्रौढ गोचिडीचे. भात कापल्यावर गुरं शेतात मोकळी सोडतो, तोपर्यंत अंडी रानात पडून गेलेली असतात. म्हणून गुरांवरचा उपाय जानेवारीत ताप आल्यावर करून काही हाती लागत नाही. तो जून ते सप्टेंबरमध्ये करायचा.

बांधावरून | १२ नोव्हेंबर, १४:२०

डॉक्टर, गोठ्यातल्या गोचिडी मारल्या तर पुरे ना? आमच्याकडे सगळे तेच करतात.

गुरांचा_डॉक्टर | १२ नोव्हेंबर, २०:५५

नाही, कारण ती गोचीडच वेगळी. गोठ्यात, कासेला, शेपटीखाली करड्या वाटाण्यासारखी फुगलेली दिसते ती बहुतेकदा ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. तिची तिन्ही जेवणं त्याच एका गाईवर होतात, ती गाय सोडून माकडावर जात नाही. तिच्यामुळे गुरांना गोचीडताप होतो, दूध घटतं. तिला मारायलाच हवं, पण माकडतापाशी तिचा संबंध नाही. भिंगातून पाहिलं तर हिमाफायसॅलिसला डोळे नसतात आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंचे अवयव कोपऱ्यासारखे बाहेर आलेले दिसतात. नुसत्या डोळ्यांनी ओळखायच्या भानगडीत पडू नका.

रानात जाणाऱ्या गुरांसाठी दोन मार्ग. फवारणीसाठी डेल्टामेथ्रिन, एका मिलिलिटरमध्ये १२.५ मिलिग्रॅम असलेलं, एक लिटर पाण्यात २ मिलि. एका जनावराला तीन-चार लिटर पाणी लागतं. लोक अर्धा लिटर पाठीवर मारून मोकळे होतात, पाठीवर गोचीड नसतेच. कानाच्या आत, मानेची पोळी, पुढच्या पायांची खाक, कास, शेपटीचं मूळ, आणि केसांच्या उलट दिशेने. पावसाळ्यात उघडीप बघून सकाळी मारा, त्या दिवशी जनावर भिजलं तर मेहनत फुकट. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. पंप व्हाळात (ओढ्यात) धुवायचा नाही, मासे आणि कुर्ल्या मरतात. मांजरांना जवळ फिरकू द्यायचं नाही, त्यांना हे औषध फार बाधतं.

दुसरा मार्ग आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन, १ टक्क्याचं असेल तर ५० किलो वजनाला १ मिलि, कातडीखाली. पावसाने धुऊन जात नाही हा मोठा फायदा. दुभत्या गाईला द्यायचं नाही, दुधात उतरतं. आपली देशी गाय, कोकण कपिला, अंगाने लहान असते, मोठ्या संकरित गाईचा अंदाज तिला लावू नका. आणि कमी डोसही नको, अर्ध्या डोसातून वाचलेल्या गोचिडीच पुढे औषधाला दाद देईनाशा होतात.

रानवाट | १२ नोव्हेंबर, २२:१५

आयव्हरमेक्टिनला माझा विरोध नोंदवून ठेवा. ते शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. शेणकिडे नसले की सड्यावरचं शेण तसंच वाळून राहतं, त्यावर माश्या वाढतात. गोचीड घालवताना दुसरं काहीतरी वाढवून बसू.

दुसरा मुद्दा. रान जितकं समृद्ध, प्राणी जितके वेगवेगळे, तितका रोग पातळ होतो, हे जगभर सिद्ध झालेलं आहे. गोचीड अनेक जनावरांत वाटली जाते, त्यातली बरीच विषाणूला निरुपयोगी असतात. म्हणून उत्तर एकच: जंगल वाचवा, रबराची लागवड थांबवा.

किडेपाखरे | १२ नोव्हेंबर, २३:५०

रानवाट, जंगल वाचायला हवं याबद्दल दुमत नाही. पण "जगभर सिद्ध" हे सभेत बोलू नका, कोणी अभ्यासू माणूस उभा राहिला तर अडचण होईल. रोग पातळ होण्याची ती कल्पना अमेरिकेतल्या लाइम रोगाच्या (तोही गोचिडीतून पसरतो) अभ्यासातून पुढे आली. तिथे पांढऱ्या पायांचा उंदीर हा त्या रोगजंतूचा मुख्य साठा, आणि तुकडे झालेल्या जंगलात बाकीचे प्राणी जातात पण तो उंदीर उरतो. तिथेही यावर वाद आहेत. प्रजाती किती आहेत यापेक्षा कोणत्या आहेत याला महत्त्व.

वर डॉक्टरांनी गाईचं जे लिहिलं तेच उदाहरण घ्या. विषाणू मोजला तर गाय तो पातळ करते, गोचिडी मोजल्या तर घट्ट करते. एकाच प्राण्याची दोन उलट कामं. गाय "चांगली" की "वाईट" हा प्रश्नच चुकीचा, गाय कोणत्या महिन्यात कुठे उभी आहे हा प्रश्न बरोबर.

रबराबद्दल मात्र अर्धं सहमत. माकडतापाचा धोका दाट जंगलाच्या पोटात नसतो, कडेला असतो: एका बाजूला रान, दुसऱ्या बाजूला काजू-रबर-सुपारी, मधून गुरांची वाट. जंगलाचे जितके तुकडे कराल तितकी कड वाढते. दहा एकरांचा एक सलग तुकडा आणि एकेक एकराचे दहा तुकडे, रान तेवढंच, पण दुसऱ्यात कड तिपटीहून जास्त.

व्हाळ | १३ नोव्हेंबर, ०६:५०

उंदीर खाणाऱ्यांचा उल्लेख कोणीच केला नाही. धामण, घुबड, मुंगूस, रानमांजर, कोल्हा. नेदरलँड्समध्ये असं दिसलं आहे की जिथे कोल्हे आणि मार्टेन (मुंगसासारखा शिकारी प्राणी) जास्त फिरतात तिथे उंदरांवर गोचिडीच्या अळ्या कमी असतात. उंदरांची संख्या फार घटली नव्हती, पण घाबरलेला उंदीर कमी हिंडतो, मग अळ्यांनाही कमी भेटतो. आपल्याकडे दिसली धामण की मार, हे आधी थांबवा.

पातेरा | १३ नोव्हेंबर, ०८:१५

+१. धामणीचं अगदी खरं.

मी वेगळाच मुद्दा मांडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये भाजावळीसाठी (भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी) रानातून पातेरा आणतात. डोक्यावर भारा, मानेवर आणि केसांत पाचोळा. तोच पातेरा गोठ्यात गुरांखालीही अंथरतात. वरच्या वर्णनाप्रमाणे निम्फ पातेऱ्यातच बसलेली असते, म्हणजे आपण ती भाऱ्याने घरी आणतो. माकड मेलेल्या भागातला पातेरा त्या हंगामात आणूच नये. भाजावळीला स्वतःच्या आवारातला पाला, पेंढा, शेण वापरता येतं.

काजूबी | १३ नोव्हेंबर, ०९:४०

किडेपाखरे, तुमचं बरंचसं पटलं. पण मूळ मुद्दा तसाच आहे. माकड वातीवर तेल ओततं म्हणालात. मग तेलाचा डबाच उचलून नेला तर? वात जळेल, पण भडका तर होणार नाही.

किडेपाखरे | १३ नोव्हेंबर, १२:३०

प्रश्न रास्त आहे, तर्कही बरोबर. अडतं ते प्रत्यक्षात.

पहिलं, माकड एकटं हलत नाही. पकडलेल्या प्रत्येक माकडाच्या कानात, पापणीवर, जांघेत अळ्या आणि निम्फ असतात. त्या गाडीतून घाटापलीकडे जातील. जिथे आज विषाणू नाही अशा रानात तुम्ही तो पोहोचवाल, सोबत लागण झालेलं एखादं माकड असेल तर आणखीच. पिंजऱ्यात हात घालणाऱ्या माणसांचा धोका वेगळाच.

दुसरं, साथीतून वाचलेल्या माकडांत प्रतिकारशक्ती असते. ती माकडं कळपात असणं ही एक भिंत आहे. ती नेलीत की मोकळ्या झालेल्या जागेत शेजारचे कळप शिरतात, पिल्लं जास्त जगतात. ती सगळी विषाणूला कोरी. दोन-तीन वर्षांत माकडं तेवढीच, पण तयार सरपण जास्त.

तिसरं, कळप फुटला की माकडं जास्त लांब भटकतात. ब्रिटनमध्ये गुरांचा क्षयरोग रोखायला बॅजर नावाचा प्राणी मारायचा मोठा प्रयोग १९९८ ते २००५ या काळात झाला. जिथे मारले तिथे थोडा फरक पडला, पण कडेच्या पट्ट्यात गुरांचा क्षय वाढला, कारण उरलेले बॅजर हद्दी मोडून भटकायला लागले.

आणि चौथं माझ्या मते सगळ्यात मोठं. मेलेलं माकड हीच आपल्याला मिळणारी पहिली सूचना. उंदरांत विषाणू फिरतोय हे कोणाला दिसत नाही. वानर मरून पडलं की दिसतं, आणि माणसं आजारी पडायच्या आधी हाती काही दिवस मिळतात. ब्राझीलमध्ये २०१६-१७ च्या पीतज्वराच्या साथीत लोकांनी भीतीने माकडं मारली आणि विषाणू कुठवर आलाय हे सांगणारे पहारेकरीच गमावले. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात हा रोग कळला तोही माकडं मरायला लागली म्हणूनच. तेव्हा आधी पीतज्वराचीच शंका आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, विषाणू वेगळा केला आणि तो नवाच निघाला.

बांधावरून | १३ नोव्हेंबर, १३:०५

अवांतर: त्याच काळात हा विषाणू सायबेरियाकडून पक्ष्यांबरोबर आला की काय अशी शंका होती, कारण रशियातल्या, गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदूतापाच्या विषाणूशी तो जवळचा होता. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांना कडी घालायचं आणि त्यांच्यावरच्या गोचिडी गोळा करायचं काम सुरू केलं. भारतातल्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाला या माकडतापाने मोठी चालना दिली.

नुस्तेकार | १३ नोव्हेंबर, १३:३०

ह्या माका म्हायत नव्हता. भारी!

पण आता सांगा, माकड मेलेला दिसला तर करूचा काय? पोरां काठयेन ढोसून बघतत.

आरोग्यसेविका | १३ नोव्हेंबर, १६:१०

काठीने ढोसायचं नाही, जवळही जायचं नाही. मेल्यावर अंग थंड पडायला लागलं की काही तासांतच गोचिडी उतरतात. बाहेर ५० मीटरवर थांबायचं, झाडाला फडकं बांधून खूण करायची आणि वनखात्याच्या १९२६ वर किंवा वनरक्षकाला कळवायचं. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पशुवैद्यकीय दवाखान्यालाही सांगायचं. किती वाजता दिसलं, माकड की वानर, आसपास आणखी आहेत का, एवढं सांगितलं तरी पुष्कळ. कुजलेल्या प्रेतातून नमुना मिळत नाही, म्हणून "उद्या सांगू" नको. शवविच्छेदन पूर्ण संरक्षक कपड्यांत पशुवैद्यच करतात, नंतर प्रेत जाळतात.

मग ५० मीटर त्रिज्येत ५ टक्के मॅलेथिऑनची भुकटी. ५० मीटर ऐकायला कमी वाटतं, पण ते क्षेत्र जवळजवळ ७८ गुंठे होतं. पाच किलोची पिशवी प्रेताभोवती भुरभुरून काही साधत नाही.

किडेपाखरे | १३ नोव्हेंबर, १७:२५

यात एक भर. धोका दोन टप्प्यांत येतो. अर्धपोटी निम्फ लगेच दुसरं जनावर शोधते, तो पहिला. माकडावर पोट भरलेल्या अळ्या मात्र पातेऱ्यात जाऊन काही आठवड्यांनी निम्फ होतात आणि मग चावतात. "माकड मरून महिना झाला, आता काय" म्हणून त्या जागी बी वेचायला जाणं म्हणजे दुसऱ्या टप्प्यात सापडणं. ती जागा पूर्ण हंगाम बंद ठेवा, गुरांनाही.

भुकटी मोहोरावर उडू देऊ नका. मॅलेथिऑन मधमाश्यांना मारतं आणि काजूचं परागण किड्यांवर अवलंबून आहे. संध्याकाळी, वारा पडल्यावर, जमिनीलगत टाका.

पातेरा | १३ नोव्हेंबर, १८:००

गोचीड आहे का हे कापड ओढून बघतात ते कसं? वाडीतल्या तरुणांना करता येईल?

किडेपाखरे | १३ नोव्हेंबर, १९:४०

करता येईल, पण करू नये. पांढरं फ्लॅनेल, एक मीटर लांब-रुंद. पुढच्या कडेला काठी आणि दोरी, मागच्या कडेला वजन, म्हणजे कापड जमिनीला चिकटून राहतं. दव वाळल्यावर दहा मीटर ओढायचं, उलटायचं, चिमट्याने निम्फ उचलायच्या. कापड ओलं झालं की गोचीड चिकटत नाही आणि "काही नाही" असा खोटा दिलासा मिळतो. पुढचं काम, म्हणजे जात ओळखणं आणि विषाणू तपासणं, प्रयोगशाळेचं. तरुणांना हात लावायचाच असेल तर बागेतल्या पायवाटा साफ करू देत: वाटेच्या दोन्ही बाजूंचा पाला दाताळ्याने मागे ओढून दोन हात उघडी माती ठेवायची. पाला हातात उचलायचा नाही. हे आत्ता, बेणणीसोबतच.

आरोग्यसेविका | १३ नोव्हेंबर, २१:००

बी वेचणाऱ्यांसाठी: फिक्या रंगाचे पूर्ण कपडे, पँट मोज्यांत खोचलेली, साडी नेसत असाल तर आत लेगिंग आणि मोजे. गोचीड दूर ठेवणारं डीएमपी किंवा डेपा तेल उघड्या अंगाला लावून जा, दुपारनंतर पुन्हा लावा. जमिनीवर बसून जेवण नको, मांगराच्या (बागेतल्या खोपीच्या) ओट्यावर बसा. घरी आल्यावर कपडे ताबडतोब गरम पाण्यात, अंगाला साबण, आणि खाका, जांघा, कंबर, कानामागे कोणाकडून तरी बघून घ्या. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, चुना, जळती काडी नको, त्याने ती पोटातलं उलट जखमेत ओकते.

अचानक जोराचा ताप, कपाळ आणि कंबर फुटेल असं दुखणं, उलट्या, कधी हिरड्यांतून रक्त. चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत. पहिल्या आठवड्यात रक्ताची पीसीआर, नंतर आयजीएम (प्रतिपिंडांची) तपासणी. "लेप्टोच (लेप्टोस्पायरोसिस) असेल" म्हणून घरी थांबू नका. लेप्टो मुख्यतः पावसाळ्यातला, हा हिवाळा-उन्हाळ्यातला. दवाखान्यात रानात जाता हे स्वतःहून सांगा. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. काहींना ताप उतरल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा येतो, त्यात मान आखडते, भ्रम होतो. १०० रुग्णांत ३ ते ५ दगावतात. माणसाकडून माणसाला होत नाही, तेव्हा रुग्णाच्या घरावर बहिष्कार नको.

जुन्या लशीबद्दल विचारणा होते. दोन डोसांनी साधारण ६२ टक्के, बूस्टरसह ८३ टक्के संरक्षण असं कर्नाटकात दिसलं होतं. ती लस २०२२ पासून बंद आहे. लशीच्या भरवशावर राहू नका.

काजूबी | १३ नोव्हेंबर, २२:१०

ठीक. मग तापाचं कारण ठरावातून काढा. पण नारळ-काजूच्या नुकसानीचं काय? तो विषय याच्या आड गाडला जाऊ नये.

व्हाळ | १३ नोव्हेंबर, २२:३५

काजूबीताईंना पूर्ण अनुमोदन. नुकसान खरं आहे आणि त्याचा ठराव स्वतंत्र हवा. दोन्ही एकत्र बांधले की दोन्ही बिघडतात. एवढंच बघा की माकडं हुसकायला बागेच्या टोकाला केळी-भाकऱ्या टाकू नका. तिथे कळप जमतो, दोन कळपांच्या गोचिडी एका जागी मिसळतात. बोंडू तर रोजच्या रोज उचलून गुरांना गोठ्यात घाला किंवा खड्ड्यात पुरा. त्याने माकडांचं येणंही कमी होईल.

सडेकर | १४ नोव्हेंबर, ०७:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री ठराव पुन्हा लिहिला. माकडं हलवायचा मुद्दा काढला. त्याऐवजी: (अ) मेलेल्या माकडाची खबर त्याच दिवशी, वाडीवार एक माणूस नेमून, (आ) त्या जागेभोवती ५० मीटर हंगामभर बी, पातेरा, गुरं बंद, (इ) जूनच्या पहिल्या आठवड्यात रानात जाणाऱ्या सगळ्या गुरांची नोंद आणि औषध. नुकसानीचा ठराव वेगळा, तो काजूबीताईंनी लिहून पाठवावा.

एक शंका राहिली. (आ) मध्ये ज्याच्या बागेत माकड मेलं त्याचं दोन एकरांतलं त्या वर्षीचं पीक गेलं. तो खबर देईल का?

काजूबी | १४ नोव्हेंबर, ०७:५५

देणार नाही. म्हणून (आ) ला जोडून घ्या की बंद ठेवलेल्या भागातल्या बीची भरपाई ग्रामपंचायत मागेल, आणि बागेचा मालक कोण हे नोंदवहीत लिहायचं नाही, फक्त ठिकाण लिहायचं. नुकसानीचा मसुदा संध्याकाळपर्यंत पाठवते.